मुरूम

इथे ह्याला सॅप्रोलाइट म्हणतात.
मी मनात मुरूम म्हणते.
खडकच, पण आतून सुटलेला:
पट्टे जागच्या जागी, फटी जागच्या जागी,
अंगठ्याने दाबलं की भुगा.

वडील बांधकाम खात्यात मुकादम होते.
टाच रोवून सांगायचे, हा चालेल, हा नाही.
त्यांचा मुरूम काळ्या पत्थराचा, खरखरीत, बोलका.
हा नाइसचा. ह्यात अभ्रक आहे,
उन्हात चमकतं आणि हाताला साबणासारखं लागतं.
तो गुळगुळीतपणा मला पहिल्या दिवशीच आवडला नव्हता.

नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम कोपऱ्यात
पेनिक्स कोव्ह: सतरा घरं, एक चर्च,
बंद पडलेला पेट्रोल पंप.
व्हर्जिल लेडबेटरचं घर डोंगराच्या पोटाशी.
मागचं दार जूनपासून अडकत होतं,
त्याने दोनदा रंधा मारला.
"दमट हवा," म्हणाला, "लाकूड फुगतं."
मी दाराकडे नाही, चौकटीकडे बघत होते.
चौकटीचे कोन काटकोन राहिले नव्हते.

वर चढले. पॉप्लरची खोडं बुंध्याशी वाकडी,
मग सरळ आभाळात;
झाडं कित्येक वर्षं तोल सावरत होती,
कुणाला न सांगता.
रस्त्यासाठी जिथे डोंगर तासला होता
तिथे थर रस्त्याकडेच उतरत होते.
पस्तीस अंश. वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.
फटींच्या अंगाला काळा लेप, मँगनीजचा.
म्हणजे पाण्याची ही वाट जुनी आहे,
माणसाच्या कुठल्याही वाटेपेक्षा जुनी.
थेंबाथेंबाने फेल्डस्पारची पांढरी माती केली त्याने,
आणि आता तीच माती
त्याची वाट अडवून बसली आहे.

अकरा फुटांवर गिरमिट खडखडलं.
खाली शाबूत खडक.
वरचं पाणी तिथवर झिरपतं आणि थांबतं,
साचतं, दाबतं,
कणाला कणापासून किंचित उचलून धरतं.
डोंगराचं वजन कमी होत नाही.
पकड होते.

जिल्ह्याला नकाशा पाठवला.
त्या उतारावर नारिंगी भरला.
नारिंगी म्हणजे "लक्ष ठेवावे".
लाल भरायला मला आणखी एक बोअर हवी होती,
आणि बोअरला पैसे
पुढच्या वर्षीच्या बजेटात होते.

ऑक्टोबरात तीन दिवसांत चौदा इंच.
तिसऱ्या रात्री मागचा झरा आधी गढूळ झाला,
मग थांबला.
ओनेटा जागी झाली ती त्या गप्पपणाने.
तिने नवऱ्याला उठवलं, कुत्र्याला काखेत मारलं.
औषधांचा डबा राहिला. दात राहिले व्हर्जिलचे.
चर्चच्या पायऱ्यांवरून दोघांनी ऐकलं,
म्हणाली, मोठं कापड फाटावं तसं,
आणि मग खूप वेळ दगडांचं बोलणं.

सकाळी मी पोचले तेव्हा
घर चाळीस फूट खाली, रस्त्याच्या पलीकडे.
मागचं दार चौकटीत नीट बसलेलं.
वर खडक उघडा पडला होता,
टाकी न लावलेल्या पाट्यासारखा, ओला,
त्यावर पाणी अजून शांतपणे वाहत होतं.

"पावसाचं काम," व्हर्जिल बोळक्या तोंडाने म्हणाला.
मी हो म्हटलं.
तो कुत्र्याच्या अंगावरचा चिखल पुसत होता.
त्याला काय सांगू, की पाऊस तीन दिवसांचा
आणि बाकीचा हिशेब कोट्यवधी वर्षांचा;
की त्या हिशेबात एक ओळ तासलेल्या रस्त्याची आहे,
एक माझ्या नारिंगी पेन्सिलीची.
फॉर्मवर "कारण" पुढे अंगठ्याएवढी जागा.
मी पाऊस लिहिलं. खोडलं.
पुन्हा पाऊसच लिहिलं, कारण जागा तेवढीच होती.

रात्री कोटाचे खिसे न तपासता मशीन लावलं.
सकाळी सगळ्या कपड्यांवर अभ्रक:
माझ्या मोज्यांवर, उशीच्या अभ्र्यांवर,
ईशानच्या शाळेच्या शर्टावर.
तो आरशासमोर वळून वळून बघत राहिला, खूश.
मी झटकायला हात पुढे केला,
आणि तसाच ठेवला.